एक नाव एकदाच

माझ्या सासऱ्यांना मी मामंजी म्हणते. आता असं कोणी म्हणत नाही, हे मला ठाऊक आहे. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला छापखान्यात उभं करून दोन पिवळ्या रंगांतला फरक विचारला होता आणि मला तो सांगता आला नव्हता. तेव्हा जो वचक बसला, त्यातून हे मामंजी आलं. पुढे वचक गेला, मामंजी राहिलं.

आमचा छापखाना लेबलांचा. जाम, मध, साबण, केसांचं तेल. बाटलीला आणि डबीला जे जे चिकटतं ते आम्ही छापतो. माझ्या नवऱ्याचं शाईच्या वासानं डोकं दुखतं, म्हणून तो शाळेत भूगोल शिकवतो आणि यंत्र मी चालवते. मामंजी खिडकीपाशी एका उंच स्टुलावर बसून रंग जुळवतात, प्रूफं तपासतात आणि माझ्या कामाला नावं ठेवतात. गिऱ्हाइकांच्या मालाला मात्र ते नावं देतात.

ते कसं, तेही सांगते. एखादं गिऱ्हाईक येतं, सगळं घेऊन येतं, फक्त नाव ठरलेलं नसतं. मग मामंजी चष्मा कपाळावर चढवतात, खिडकीबाहेर बघतात आणि बराच वेळ गप्प बसतात. गिऱ्हाइकाला वाटतं, म्हातारा पेंगला. तेवढ्यात नाव येतं. साबणाला ‘धाकटी मावशी’ हे नाव त्यांचं. दोघी बहिणींनी मधाचा धंदा काढला, त्यांच्या मधाला ‘उरलेली दुपार’ हेही त्यांचंच. नावाचा मोबदला त्यांनी कधी घेतला नाही. त्यांची एकच अट, आणि तीही स्वतःलाच घातलेली: एक नाव एकदाच.

छापलेल्या प्रत्येक लेबलाचा पहिला नमुना वहीत चिकटवायचा, शेजारी तारीख आणि गिऱ्हाईक लिहायचं, आणि नाव स्वतः दिलेलं असेल तर कोपऱ्यात लाल ठिपका द्यायचा, ही त्यांची चाळीस वर्षांची शिस्त. अशा चौदा वह्या कपाटात आहेत. पण त्या उघडताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "वह्या तुमच्यासाठी आहेत," ते म्हणायचे, "मला लागत नाहीत." ही फुशारकी नव्हती. बारा वर्षांपूर्वीच्या तेलाच्या लेबलात किती हिरवा पडला होता, हे ते जेवता जेवता सांगायचे.

गेल्या वर्षापासून मात्र काहीतरी सुटत चाललं होतं. एकदा त्यांनी जामच्या लेबलावर चुकीचं वजन पास केलं. एकदा एकच निळा सकाळी कालवला आणि दुपारी पुन्हा कालवला. मी काय केलं? ते जेवायला घरी गेले की त्यांनी तपासलेली प्रूफं मी परत तपासायला लागले. चुका दुरुस्त करायच्या आणि ताकास तूर लागू द्यायची नाही. मला वाटायचं, मी फार शहाणपणानं वागते आहे.

या चार-पाच वर्षांत आमच्याकडे बिअरवाले वाढले. कुणी गॅरेजमध्ये टाक्या बसवल्या, कुणी बंद पडलेल्या लाँड्रीत. माणसं कष्टाळू आणि बोलघेवडी. पण सगळ्यांना एकदम वेगळं नाव हवं असतं आणि सगळे विचार करायला एकमेकांच्याच ब्रुअरीत बसतात. एका उन्हाळ्यात आम्ही ‘काळा कुत्रा’ छापला, मग ‘काळं कुत्रं’ आणि त्यानंतर ‘कुत्रा तोही काळा’. तिघांनी एकमेकांना वकिलाच्या नोटिसा धाडल्या. शेवटी त्यांनी एक संघटना केली आणि ठरवलं, की नावाचं भांडण आधी संघटनेच्या सेक्रेटरीनं सोडवायचं. नक्कल ठरली तर तो माल संघटनेच्या शीतगृहातून आणि दुकानांच्या यादीतून बाहेर.

त्यातले दोघे आमचे जुने. एक मास्तर, म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले रसायनशास्त्राचे शिक्षक. त्यांची बिअर ‘निळी शिडी’. बाटलीच्या मागे त्यांनी एक गोष्ट छापून घेतली होती, की त्यांचे आजोबा रंगारी होते, त्यांची एक निळी शिडी होती, वगैरे. दुसरी बेकरीवाली. हिनं वीस वर्षं पाव भाजले आणि मग तेच धान्य आणि तेच यीस्ट घेऊन बिअरकडे वळली. हिची बिअर ‘निळ्या शिडीखाली’, आणि लेबलावर झोपलेलं मांजर. मास्तर हिला माल्टची पोती उसनी द्यायचे, ही त्यांना पाव पाठवायची. म्हणून हिचं लेबल छापताना मला वाटलं, मैत्रीतली गंमत असेल. मी विचारलं नाही. पहिलं वर्ष हिची बिअर हिच्याच काउंटरवर खपली, तेव्हा कुणाचं काही अडलं नाही. मग दोन्ही बाटल्या दुकानात शेजारी शेजारी उभ्या राहिल्या, लोक एक घ्यायला येऊन दुसरी नेऊ लागले, आणि मैत्री संपली.

मंगळवारी दोघंही आमच्याकडे आले. म्हणजे आले वेगवेगळे, पण वेळ एकच साधली.

"काका, तुम्हीच सांगा ह्यांना," बेकरीवाली म्हणाली. "नाव तुम्हीच दिलंत ना मला?"

मामंजींनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. "मी? शिडीचं नाव मी मास्तरांना दिलंय. चार वर्षं झाली."

"दिलंय म्हणजे, आठवण करून दिलीत," मास्तर चुळबुळले. "शिडी आमच्या आजोबांची होती."

"असेल. पण मी एक नाव दोनदा देत नाही, बाई."

"अहो काका, मी त्या दिवशी पाव घेऊन आले होते. तुम्ही बाहेर बघितलंत आणि म्हणालात..."

"पाव आठवतो. नाव दिलेलं नाही. तुम्ही ह्यांच्या बाटलीवरनं उचललंत आणि आता माझ्या माथी मारताय."

ही बाई पहाटे तीनला भट्टी पेटवणारी, पोती स्वतः उचलणारी. पण तिची हनुवटी थरथरायला लागली. "माझ्या तीन टाक्या भरलेल्या आहेत," ती म्हणाली. "शनिवारी सेक्रेटरी येणारेत तुमच्याकडे, वह्या बघायला. तुम्ही हेच सांगणार?"

"खरं तेच सांगणार," मामंजी म्हणाले आणि प्रुफावर वाकले.

ते जेवायला गेल्यावर मी कपाट उघडलं. तेरावी वही, चार वर्षांपूर्वीची: ‘निळी शिडी’, मास्तर, लाल ठिपका. चौदावी वही, गेल्या वर्षीची: झोपलेलं मांजर, ‘निळ्या शिडीखाली’, बेकरीवाल्या बाई. कोपऱ्यात लाल ठिपका. तारखेतला चार त्यांच्याच वळणाचा, वर उघडा.

मी वही घेऊन त्यांच्या स्टुलावर चढले. का, ते मलाच माहीत नाही. इतक्या वर्षांत मी त्यावर कधी बसले नव्हते. आमच्या खिडकीची खालची अर्धी काच दुधी आहे. यंत्रापाशी किंवा काउंटरपाशी उभं राहिलं तर बाहेरचं आभाळ तेवढं दिसतं. स्टुलावरून गल्ली दिसते. मी मान वर केली आणि समोरच्या भिंतीला टेकवलेली शिडी दिसली. निळी. रंग पार उडालेला, तिसरी पायरी मोडलेली. खाली एक मांजर पसरलं होतं.

दोन दिवस मला जेवण गोड लागलं नाही. वही लपवली तर बेकरीवाली चोर ठरते. दाखवली तर मामंजींचं काय उरतं? छापखाना मी चालवते, हिशेब नवरा बघतो. त्यांच्याकडे आता ते स्टूल आणि ती स्मरणशक्ती एवढंच होतं. एक वाईट विचारही आला, कबूल करते. ठिपका पुसणारं रसायन आमच्याकडे डब्यानं असतं.

शुक्रवारी दुपारी मी यंत्र बंद केलं आणि दोन्ही वह्या उघडून त्यांच्यापुढे ठेवल्या. ते पुष्कळ वेळ बघत राहिले. मग त्यांनी बोटाचं टोक ठिपक्यावरून फिरवलं.

"अक्षर माझंच आहे," ते म्हणाले.

"हो."

"मला काहीच आठवत नाही गं. पाव आठवतो. खसखशीचा होता." मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "आणखी किती आहेत असे?"

खोटं बोलायची चांगली संधी होती. मी सांगितलं. जामचं वजन, दोनदा कालवलेला निळा, तपासून परत तपासलेली प्रूफं, सगळं. वर्षभराचं.

"म्हणजे मी तपासतो आणि मग तू तपासतेस."

"तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून, मामंजी."

"चुका माझ्या होत्या, सूनबाई. त्या मला द्यायच्या होत्यास." आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "तू त्या स्वतःकडे ठेवल्यास आणि मी त्या बिचारीला चोर म्हणून बसलो."

मी रडले, आणि त्यांनी मला शाई पुसायचा कपडा पुढे केला, त्यामुळे माझं तोंड निळं झालं. एरवी आम्ही दोघंही हसलो असतो.

शनिवारी सेक्रेटरी आला. तरुण माणूस, हातात फाइल, चेहऱ्यावर न्यायाधीशाचा आव. मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून आले. बेकरीवाली दाराशीच उभी राहिली, आत आली नाही. मामंजी स्टुलावरून उतरून काउंटरपाशी उभे होते आणि त्यांनी वह्या आधीच उघडून ठेवल्या होत्या.

"बघून घ्या," ते म्हणाले. "दोन्हीकडे माझा ठिपका आहे. चोर कोणी नाही. मास्तरांना नाव मी दिलं आणि तीन वर्षांनी बाईंनाही मीच दिलं. दुसऱ्या वेळी मला पहिली वेळ आठवली नाही. आणि मंगळवारी दुसरी वेळही आठवली नाही. मला विसरायला होतंय. बाई, मी तुम्हाला चारचौघांत खोटं पाडलं. माफ करा."

इतक्या वर्षांत त्यांनी माफी मागितलेली मी ऐकली नव्हती. बेकरीवाली आत आली आणि काउंटरवर दोन्ही हात टेकून उभी राहिली. तिचे हात पीठ नसतानाही पांढरे दिसायचे.

मास्तरांना मात्र राहवेना. "तुम्ही दिलंत ते ठीक. पण आजोबांची शिडी..."

"वर बसा," मामंजी म्हणाले.

मास्तर स्टुलावर चढले. त्यांनी बाहेर बघितलं आणि त्यांचा चेहरा हळूहळू लाल होत गेला. "मांजर पण आहे," ते पुटपुटले. मग खाली उतरून बराच वेळ चष्मा पुसत राहिले. "आजोबा रंगारी होते, हे खरं आहे," ते म्हणाले. "त्यांची शिडी कुठल्या रंगाची होती, ते मला माहीत नाही. मी ती गोष्ट इतक्यांदा सांगितली, की मला दिसायला लागली होती."

सेक्रेटरीनं फाइलमध्ये काहीतरी लिहिलं आणि विचारलं, "मग ठरवायचं काय?"

"मी बदलते," बेकरीवाली म्हणाली. "आधी त्यांना दिलंय, त्यांचंच राहू दे. मला एवढंच हवं होतं, की मी चोर नाही हे कुणीतरी म्हणावं." मास्तरांनी लगेच सांगितलं, की तिन्ही टाक्यांतला माल जुन्याच नावानं संपू दे, घाई नाही, आणि पुढच्या छपाईत आजोबांची गोष्ट काढून टाका. सेक्रेटरीच्या न्यायाला काही काम उरलं नाही, तो जरासा हिरमुसलाच.

मग बेकरीवाली मामंजींकडे वळली. "काका, मला नवीन नाव द्या."

मामंजींनी मान हलवली. "ते काम आता बंद, बाई."

"का? विसरायला होतं म्हणून? सुचायचं तर बंद झालं नाही ना? मला तुमच्याकडूनच हवंय. नाहीतर मी मांजरावर काहीतरी ठेवीन आणि गावात मांजरांची भांडणं लागतील."

मास्तर हसले. मामंजी हसले नाहीत, पण स्टुलावर चढले. चष्मा कपाळावर गेला. ते खिडकीबाहेर बघत बसले आणि आम्ही चौघं त्यांच्याकडे बघत उभे. दुपारचं ऊन दुधी काचेवर आलं होतं. बऱ्याच वेळानं त्यांचा चेहरा उजळला. वर्षभरात तो चेहरा मी पाहिला नव्हता.

"उरलेली दुपार," ते म्हणाले.

"वा!" बेकरीवालीनं टाळीच वाजवली. सेक्रेटरीनं ते लगेच लिहून घेतलं.

मधवाल्या बहिणी आमच्याकडे दर तिमाहीला येतात. पण तो मध आणि ही बिअर, कोण बघतंय? आजचा दिवस जाऊ दे, नंतर बाईंना बाजूला घेऊन सांगता येईल. सगळी जुनी युक्ती माझ्या जिभेवर तयार होती.

मामंजी स्टुलावरून माझ्याकडे बघत होते. "सूनबाई," ते म्हणाले, "आधी कुणाला दिलंय का, बघ."

वही उघडायची मला गरज नव्हती.

"दिलंय, मामंजी. मधाला. सात वर्षं झाली."

मामंजींच्या चेहऱ्यावरचा उजेड गेला. तो जाताना मला स्पष्ट दिसला आणि मी नजर वळवली नाही. त्यांनी एकदाच मान डोलावली, मी लग्नानंतरच्या त्या दोन पिवळ्यांमधला फरक अखेर बरोबर सांगितल्यासारखी.

"बरं," ते म्हणाले, चष्मा उतरवून पुसला आणि पुन्हा कपाळावर चढवला. "वह्या इकडे आणून ठेव. आणि तू इथेच थांब."