पागोटे वर, बादली खाली

उंचावर नेलेल्या दगडात शक्ती मुकाट बसून राहते आणि दगड सुटला की तीच धावू लागते, असे मी शाळेत शिकवीत असे. खुर्चीत बसूनच शिकवीत असे. त्यामुळे मला ते पुरते कळले आहे असा माझा समज होता.

तंजावरकडे, इन्नंबूर गावाच्या वाटेवर सासऱ्यांचा पानमळा होता. त्या उन्हाळ्यात एट्रम चालवणाऱ्या गड्याचा पाय काटा लागून सुजला. दोन दिवस वेलींना पाणी नव्हते. तिसराही कोरडा गेला असता तर मळा संपलाच होता. सासरे दुसरा गडी शोधायला आडुतुरैला गेले होते.

एट्रम म्हणजे विहिरीकाठच्या खांबावर आडवी तोललेली लांब तुळई. एका टोकाला बांबूने लोंबणारी लोखंडी बादली. माणूस तुळईवरून विहिरीकडे चालत गेला की बादली बुडते, उलट मागच्या टोकाकडे, शेपटाकडे आला की भरून वर येते. मग काठावरचा म्हातारा ती पाटात ओततो.

"यात काय आहे?" मी सासूबाईंना म्हणालो. "हा तर माझाच विषय."

चढलो. सासुरवाडीला उघड्या डोक्याने वावरायचे नाही, म्हणून दिवाळीचे पागोटे डोक्यावर तसेच. पहिल्या दहा बादल्या मी देवाचे नाव घेत काढल्या. पुढे मात्र नाव घ्यायचेच विसरलो. चार पावले मागे टाकायची, आणि अंधाऱ्या विहिरीतून माझ्या वजनाएवढे पाणी उजेडात यायचे. इतकी वर्षे फळ्यावर काढलेला बाण माझ्या तळपायाखाली हलत होता.

तेवढ्यात बांधावरून सासरे आले, एकटेच. गडी मिळाला नव्हता.

तंजावरचा दरबार बुडून पिढ्या लोटल्या, पण तिथल्या आमच्या मराठी घराण्यांतले वाकणे बुडाले नव्हते. वडील माणूस समोर आणि आपण उंचावर, हे मला सोसेना. भरली बादली वर तशीच ठेवून मी शेपटावरून खाली उतरलो आणि अदबीने वाकलो.

शेपूट माझ्या कानाजवळून सणसणत वर गेले. पाठीवर सोडलेला पागोट्याचा शेमला तुळईच्या खाचेत अडकला होता. पागोटे गेले वर, बादली गेली खाली. विहिरीच्या दगडावर ती अशी आदळली की मळ्यातले पोपट उडाले. बादलीकडे नेलेला हात म्हाताऱ्याने नुकताच मागे घेतला होता. तो त्या हाताकडे बघत राहिला.

"वात्यार," तो म्हणाला. मास्तरांना तो तेच म्हणे. "चार पावलांनी वर चढवलेत ते, बघा, एका दमात उतरले."

त्या बादलीत मीच शक्ती भरून ठेवली होती, आणि ती कुणाला ओळखत नव्हती. मलाही नाही.

बादलीचा सांधा उकलला होता. सासऱ्यांनी तुळई खाली ओढली, पागोटे सोडवले, उलगडले आणि त्याची पट्टी फाडून सांध्यात ठासली. मग स्वतःचे पागोटे माझ्या हाती देऊन, धोतर खोचून, या वयात ते तुळईवर चढले.

"जावईबापू," वरून म्हणाले, "वाकायचे झाले तर बादली रिकामी झाल्यावर वाकावे."

मी उघड्या डोक्याने पाटाशी उभा राहिलो. प्रत्येक बादली वर येऊन क्षणभर थांबायची, तेव्हा माझा श्वासही थांबायचा. ऊन कलता कलता शेवटच्या ओळीत पाणी पोहोचले, आणि म्हाताऱ्याने ती शेवटची बादली ओतून रिकामी केली. मग मी वाकलो.