हे सामान माझंच आहे

सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर सिक्युरिटीच्या माणसाने माझी बॅग पट्ट्यावरून बाजूला ओढली आणि विचारलं, "ही कुणाची?"

"माझी."

त्याने चेन उघडली. आत अ‍ॅल्युमिनियमची जाड पेटी होती, जिच्यात कॅमेरा बसवून पाण्याखाली नेतात. तिच्या शेजारी लेन्ससमोर बसवायचा काचेचा अर्धगोल घुमट, दोन भलेमोठे फ्लॅश, ते लावायचे सांध्यांचे दांडे आणि एका डब्यात बॅटऱ्या. हे सगळं एक्स-रेमध्ये कसं दिसत असेल ते मी समजू शकते. त्याने माझ्याकडे पाहिलं. अठ्ठावन्न वर्षांची, जेमतेम पाच फुटांची, कुर्ता घातलेली बाई. मग त्याने माझ्या मागच्या उंच माणसाला विचारलं, "सर, हे तुमचं का?"

तो माणूस मला ओळखतही नव्हता.

"त्यांचं नाही, माझंच आहे," मी म्हटलं. "पाण्यात मी जाते, फोटोही मीच काढते. आणि तो घुमट उचलताना काचेला बोटं लावू नका, प्लीज."

त्याने पेटी उघडायला लावली. आतून-बाहेरून कापडाची पट्टी फिरवली, मशीनमध्ये घालून पाहिली आणि बॅग परत दिली. सगळं पुन्हा जागच्या जागी लावायला मला वीस मिनिटं लागली. तीही मी घेतली. बाकावर बसून, सावकाश.

हा प्रश्न मला प्रत्येक प्रवासात ऐकावा लागतो. नवऱ्याचं का? मुलाचं का? माझं माहेर अकोल्याचं. उन्हाळ्यात तिथे दोन बादल्या पाण्यात घर चालायचं. मुलींनी पोहायला शिकावं असं कुणाला वाटायचं नाही, आणि शिकणार तरी कुठे? मी पोहायला शिकले फ्रीमाँटच्या कम्युनिटी पूलमध्ये, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, सहा वर्षांच्या मुलांच्या रांगेत. दोन वर्षांनी डायव्हिंगचं सर्टिफिकेट घेतलं आणि त्यानंतर कॅमेरा. सांता क्लाराच्या ऑफिसात दिवसभर चिप्स टेस्ट करायच्या आणि सुट्ट्या साठवून पाण्यात जायचं, असं माझं आयुष्य गेली आठ वर्षं चाललं आहे.

घरच्यांनी हे मान्य केलं आहे, पण मनापासून नाही. या प्रवासाच्या आदल्या दिवशी नवरा हातातल्या काट्याला बॅग लटकवून म्हणाला, "एवढं सगळं न्यायलाच हवं का? तिथे भाड्याने मिळतं की."

"भाड्याच्या मास्कला माझ्या चष्म्याचा नंबर असतो का?"

मुलगा सोफ्यावरून फोनमधलं डोकं वर न काढता म्हणाला, "मॉम, जस्ट टेक युअर फोन." मी बॅगेची चेन लावली.

होनोलुलूला काकू भेटल्या. काकू पूर्व किनाऱ्यावरच्या, एडिसनच्या. पंचेचाळीस वर्षांपूर्वी डॉक्टर होऊन इथे आल्या, आयुष्यभर ऑपरेशन थिएटरमध्ये लोकांना भूल दिली आणि रिटायर झाल्यावर डायव्हिंग शिकल्या. आता त्यांचं वय एकाहत्तर. एका मराठी अधिवेशनात जेवणाच्या रांगेत आमची ओळख झाली, आणि तेव्हापासून पाण्याखाली आम्ही एकमेकींच्या जोडीदार. पाण्यात एकटीने जायचं नसतं. जोडीदाराने तुमच्यावर आणि तुम्ही जोडीदारावर लक्ष ठेवायचं. काकूंइतकं बारीक लक्ष माझ्यावर माझ्या आईनेही ठेवलं नसेल.

होनोलुलूहून आम्हाला एका छोट्या बेटावर जायचं होतं, नऊ सीटच्या विमानातून. तिथे बॅगांबरोबर माणसांचंही वजन करतात. काकू काट्यावर चढल्या आणि आकडा स्वतःच मोठ्याने वाचला. मागच्या रांगेतलं कुणीतरी हसलं. काकूंनी वळून पाहिलं, आणि ते हसू तिथेच थांबलं.

काउंटरवरची बाई म्हणाली, "सॉरी, वजन जास्त होतंय. तुमच्या या दोन मोठ्या बॅगा उद्याच्या फ्लाइटने पाठवू."

त्या दोन बॅगांत पाण्याखाली श्वास घ्यायचे आमचे रेग्युलेटर, जॅकेट्स, पायांत घालायच्या फिन्स, वेटसूट, सगळं होतं. कॅमेऱ्याची बॅग तेवढी माझ्या हातात.

"उद्या सकाळी सातला आमची बोट आहे," मी म्हटलं.

"मग तिथे भाड्याने घ्या, मॅम."

पुन्हा तेच. तिच्या मागून कुणाची तरी गोल्फची लांबलचक बॅग विमानाकडे चालली होती. मी तिकडे बोट दाखवलं. "त्यांनी आधी चेक-इन केलं होतं," ती म्हणाली. ते खरंही असेल. पण मला माघार घ्यायची नव्हती.

"तुम्हाला वजन कमी करून हवंय ना? मग काय मागे ठेवायचं ते आम्ही ठरवतो."

"अगं, कपडे राहू देत," काकू मराठीत म्हणाल्या. "गियर गेलं पाहिजे."

आम्ही दोघींनी तिथेच, फरशीवर बसून त्या दोन मोठ्या आणि आमच्या दोन लहान, अशा चारही बॅगा उघडल्या. काकूंचे ड्रेस, माझ्या जीन्स, चपला, टॉवेल, शेंगदाण्याची चटणी, दशम्यांचा डबा, सगळं दोन बॅगांत कोंबलं आणि त्या बॅगा काउंटरवर ठेवल्या. अंगावर जास्तीचे कपडे चढवून उपयोग नव्हता, कारण माणसांचंही वजन होतंच. मागची रांग चुळबुळ करत होती. "मॅम, लोक थांबलेत," ती बाई म्हणाली.

"आम्हीही थांबलोय," काकू म्हणाल्या आणि दशम्यांचा डबा तेवढा परत बाहेर काढला.

गियर गेलं. आमच्या कपड्यांच्या बॅगा दोन दिवसांनी आल्या, तोवर आम्ही एकाच कुर्त्यावर राहिलो.

दुसऱ्या दिवशी बोटीवर कॅप्टनने काकूंना डायव्हिंगची परवानगी देणारं त्यांच्या डॉक्टरचं पत्र दोनदा वाचलं. मग माझ्या कॅमेऱ्याकडे पाहून म्हणाला, "पहिल्या डाइव्हला हा बोटीवरच ठेवा. आधी तुम्ही दोघी पाण्यात कशा आहात ते मला बघू द्या." हे मात्र मी ऐकलं, कारण त्यात त्याची चूक नव्हती. त्याची जबाबदारी होती. आमच्याबरोबर खाली उतरल्यावर त्याने काकूंना मास्क काढून परत लावायला सांगितलं. काकूंनी तो काढला, शांतपणे दहापर्यंत बोटं मोजून दाखवली आणि मग लावला. वर आल्यावर कॅप्टन मला म्हणाला, "कॅमेरा घ्या."

दुसऱ्या डाइव्हला साठ फूट खोलीवर एक कासव दिसलं. खडकाच्या कपारीत बसून ते शेवाळ खात होतं, आणि दोन पिवळे मासे त्याची पाठ साफ करत होते. मी हळूहळू जवळ गेले. चार फोटो काढले. पाचव्याला पेटीवरचा हिरवा दिवा लाल झाला.

लाल दिवा म्हणजे आत पाणी शिरतंय.

मी काचेतून पाहिलं. तळाशी चमचाभर पाणी हलत होतं. वर जायला हवं, लगेच. पण तेवढ्या खोलीवरून सुसाट वर गेलं तर रक्तात बुडबुडे होतात आणि माणूस जन्मभराचा अधू होऊ शकतो. सावकाशच वर यायचं आणि पंधरा फुटांवर तीन मिनिटं थांबायचं, हा नियम. मला तो पाठ होता. तरीही माझे पाय आपोआप जोरात चालायला लागले.

तेवढ्यात काकूंनी माझं मनगट धरलं. घट्ट. माझा चेहरा स्वतःकडे वळवला आणि घड्याळ माझ्या मास्कसमोर धरलं. आम्ही वर आलो ते त्यांच्या वेगाने. पंधरा फुटांवर थांबलो. एक मिनिट. पेटीत पाणी वाढलं. दोन मिनिटं. मी काकूंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, नाही. मी पेटी तिरकी धरली, म्हणजे पाणी एका कोपऱ्यात राहील, आणि शेवटचं मिनिट कॅमेऱ्याच्या कडेला पाणी चढताना पाहिलं.

बोटीवर पेटी उघडली तेव्हा कॅमेरा गेलेला होता. तिच्या तोंडाशी रबराचं एक कडं असतं, पाणी अडवणारं. त्यावर एक केस चिकटला होता. पांढरा, माझाच. सकाळी बोट गाठायच्या घाईत मी ते नीट पुसलं नव्हतं. कुणाला दोष द्यायला जागा नव्हती, आणि त्याचाच मला जास्त राग आला. बोटीच्या मागच्या टोकाला बसून मी रडले. काकू शेजारी बसल्या, दशमी पुढे केली आणि म्हणाल्या, "रड. मग खा. दुपारी अजून एक डाइव्ह आहे."

संध्याकाळी घरी फोन केला. नवरा आधी घाबरला, मग म्हणाला, "तू ठीक आहेस ना? बाकी जाऊ दे. पण आता पुरे झालं गं. ये परत."

"पुरे कसं? अजून तीन दिवस आहेत."

"कॅमेऱ्याशिवाय काय करणार?"

"बघणार," मी म्हटलं.

आणि बघितलं. तीन दिवस रिकाम्या हातांनी. आधी हातांचं काय करायचं तेच कळेना, मग कळलं. एका ईल माशाला माझ्याकडे पाहून तोंड उघडमीट करताना पाहिलं, आणि या वेळी मी ते फ्रेममध्ये बसवत नव्हते. पण खोटं कशाला बोलू? कॅमेरा आठवत होता. प्रत्येक डाइव्हला.

कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड तेवढं बचावलं. कासवाचे चारही फोटो त्यावर होते. तिसरा बरा आहे.

घरी आल्यावर महाराष्ट्र मंडळातल्या एका गृहस्थांनी ऐकून सांगितलं, "या वयात एवढी दगदग कशाला? यूट्यूबवर सगळं दिसतं." मी त्यांना चौथा फोटो दाखवला, ज्यात कासवाचं फक्त शेपूट आलंय. म्हटलं, "हे नाही दिसणार."

मग जुनाच, पण चालू असलेला एक कॅमेरा शोधला, त्याच पेटीत बसणारा. आता दर रविवारी कम्युनिटी पूलमध्ये पेटी बुडवून तपासते. लाइफगार्डने आधी मनाई केली होती. मी ऑफिसात जाऊन लेखी परवानगी आणली आणि त्याच्या हातात दिली. ते कडं मी आता दोनदा पुसते, बॅटरीच्या उजेडात, केस घट्ट बांधून.

परवा काकूंचा फोन आला. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, फिजिओथेरपी चालू आहे, मुलगी म्हणते आता बास.

"मग?" मी विचारलं.

"मग काय? डॉक्टरला विचारलं, म्हणाला सहा महिने थांबा. तू तारखा बघ. आणि ऐक, मोठं विमान बघ गं."