काचेवरची टेप

माझ्या इवायाइतका उतावळा माणूस देवानं दुसरा घडवला नसेल, आणि घडवायला घेतला असेल तर तो अर्धा असतानाच उठून पळाला असेल. इवाई म्हणजे माझ्या लेकाचा सासरा. कळमनुरी-औंढा रस्त्यावर त्यानं जन्मभर एसटीची लाल गाडी चालवली. रिटायर झाला, तरी बाजेवर बसल्या बसल्या त्याचा डावा पाय क्लच दाबतच राहतो. पोरांच्या लग्नात भटजीनं अंतरपाट जरा जास्त वेळ धरला, तर हा म्हणाला, "आवरा, मागं गाड्या खोळंबल्यात."

हा एका जागी बसावा म्हणून माझ्या लेकानं नांदेडहून एक डबा आणून दिला. आत प्लास्टिकचे सुटे तुकडे. ते जोडायचे, रंगवायचे, की वीतभर गाडी तयार. तेव्हापासून त्या घरात मास्किंग टेपचं राज्य आलं. जिथं रंग लागू द्यायचा न्हाई तिथं ही कागदी पट्टी लावायची, रंग द्यायचा, मग पट्टी काढायची. रेघ सरळ येते. पट्टी फार चिकट असली तर खालचा रंगही उपटून आणते, म्हणून हा ती आधी माणसांवर लावून तिचा चिकटपणा मारतो. समोर कुणीही असो. इहीणबाई एकदा कपाळावर पट्टी घेऊनच आठवडी बाजार करून आल्या. माझ्या मनगटावर तर आता केस उरला न्हाई.

मी चौथीतून शाळा सोडलेला माणूस, पण पोळ्याला बैलांची शिंगं नुसत्या हातानं रंगवायचो, आणि गाव बघायला यायचं. म्हटलं, "हात थिर असला म्हंजे टेप कायला पायजे?"

"तुमची रेघ वाकडी आली तर बैल हालला म्हणता येत व्हतं, इवाई," तो म्हणाला. "माही गाडी हालत न्हाई."

हे मला अजून पटलेलं न्हाई.

औंदा त्याचे हात थरथरायला लागले. तरी हट्टानं त्यानं लाल बस जोडायला घेतली, स्वतः चालवायचा तसली. रंग वाळला, टेप निघून बाजूच्या खिडक्या उघड्या झाल्या, पांढरा पट्टा उघडा झाला. ड्रायव्हरसमोरच्या काचेवरची टेप मात्र तशीच. फार दिवस ठेवली तर तिचा चीक काचेला धरतो, हे मला त्यानंच शिकवलेलं. मी जावं तेव्हा टेप तिथंच.

"काहून काढून न्हाई राहिले?"

"काढली की गाडी झाली. या हातानं दुसरी व्हत न्हाई."

वारंगा फाट्यावर चहा निवायलाही न थांबणारा माणूस असा थांबलेला बघून मलाच बसवेना. म्हणालो, "मग बसा आंधळी गाडी घेऊन."

त्यानं बस माझ्यापुढं सरकवली. "तुमी काढा. मागं दुमडून, हळू. घाई करू नगा."

घाई करू नगा, हे त्यानं मला सांगितलं. मी पट्टीचं टोक नखानं उचललं, मागं दुमडलं, ओढत गेलो. काच लख्ख निघाली. आत ड्रायव्हरची रिकामी सीट दिसली. तो बघत राहिला, आणि बाजेखाली त्याचा डावा पाय थांबला.

मला ते बरं वाटलं न्हाई. निघालेली पट्टी मी त्याच्याच मनगटावर दाबून बसवली.

"हे कायला?"

"चिकटपणा मारून राहिलो. पुढच्या गाडीला टेप मी लावतो. तुमी चुका काढा."

"वापरलेली टेप परत लावत न्हाईत, इवाई."

"मग नवी काढा."

तो काही उठला न्हाई. मनगटावरची पट्टीही त्यानं काढली न्हाई. पण बऱ्याच वेळानं पाय हळूच क्लचवर गेला.