अण्णांचा तिसरा गिअर

माझ्या सासऱ्यांचा, म्हणजे अण्णांचा, कुणावरही विश्वास नव्हता. दूधवाल्यावर नाही, डॉक्टरवर नाही, भिंतीवरच्या घड्याळावर तर नाहीच. दाराला कुलूप लावलं की चार वेळा ओढून बघायचे आणि जिना उतरल्यावर पाचव्यांदा ओढायला मला वर पाठवायचे. मी खाली आले की विचारायचे, "नक्की ओढलंस?" लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला वाटलं, नवी सून म्हणून माझ्यावर नजर आहे. महिनाभरात कळलं, माझ्यावर खास असं काही नाही, सगळ्या जगावरच आहे. जुन्या गाड्यांच्या बाजारात त्यांना संशयात्मा म्हणायचे, आणि गंमत अशी की त्या संशयावरच त्यांचं पोट चालायचं.

कुणाला जुनी गाडी घ्यायची असली की तो आधी अण्णांना दाखवायचा. अण्णा इंजिन ऐकायचे, पत्रा ठोकून बघायचे, पण निकाल द्यायचे गिअरवर. "रंग खोटं बोलतो, मालक तर बोलतोच बोलतो. गिअरबॉक्सला खोटं बोलता येत नाही," असं त्यांचं म्हणणं. गाडीपाशी गेले की पहिला तळहात बॉनेटवर. गरम लागलं तर "दोन तासांनी येतो" म्हणून सरळ परत फिरायचे. झिजलेला दुसरा गिअर थंड गाडीत करकरतो, म्हणून लबाड मालक गाडी आधीच फिरवून आणतो. त्याहून लबाड असला तर जाड तेल भरून घरघर दाबून टाकतो. हे सगळं अण्णांना पाठ होतं.

मी त्यांच्यासोबत जायची ती तपासणीचा फॉर्म भरायला. त्यांनी बोलायचं, मी लिहायचं. माझ्या नवऱ्याला गाडी म्हणजे चार चाकं, यापुढे काही कळत नाही. मला मात्र लिहिता लिहिता गोडी लागली. छोट्या हॅचबॅकचा दांडा आखूड, नुसत्या मनगटावर पडतो, पण पाचवा टाकताना जरा रुसतो. डिझेल जीपचा लांबलचक. खांद्यापासून ढकलावा लागतो, आणि पडला की नाही ते गाडी पुढे सरकल्यावरच कळतं. सामानाची व्हॅन म्हणजे जुन्या कपाटाचा खण, आधी जरा उचलायचा आणि मग आत सारायचा. टॅक्सीचा दुसरा गुळगुळीत झालेला, कारण बिचारीचा जन्मच दुसऱ्यात जातो. आणि नीट वापरलेली एखादी सेडान असली तर पेनाला टोपण बसावं तसा गिअर टक् करून बसतो. अशी गाडी मिळाली की अण्णांचा चेहरा पडायचा. संशयाला जागाच नाही म्हणजे नक्की काहीतरी मोठं लपवलंय, असं त्यांना वाटायचं.

त्यांची स्वतःची एक जुनी पांढरी गाडी होती. रोज सकाळी कामाला जाण्याआधी ती दहा मिनिटं चालवायची, म्हणजे गवयाचा गळा लागावा तसा हात लागतो. मग दिवसभर बाकीच्या गाड्या तिच्यावरून जोखायच्या. तिच्या गिअरला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला त्यांना खपायचा नाही. सासूबाई तिला "माझी सवत" म्हणायच्या.

आता माझं पाप सांगते. ती सवत मी चालवत होते.

आधी रीतसर विचारलं होतं. "अण्णा, मला शिकवा ना तपासायला." तर म्हणाले, "हात शिकवता येत नाही, सूनबाई. तू आपलं लिही." मला भयंकर राग आला. लायसन्स माझ्याकडे लग्नाआधीपासून होतं. अण्णा दुपारी दोन ते तीन झोपायचे. घोरणं सुरू झालं की मी खिळ्यावरची किल्ली उचलायची. सीट तीन खटके पुढे, गोदामांच्या मागच्या रस्त्याला चार फेऱ्या, सीट तीन खटके मागे. आरसा होता तसा. असे तीन महिने गेले.

मग एका सकाळी अण्णा फेरी मारून आले आणि चहाला हात न लावता म्हणाले, "गाडी कुणीतरी चालवलीय. तिसरा अडतोय."

मी त्यांच्या कपावर बशी झाकली.

"म्हातारी झाली असेल गाडी," नवरा म्हणाला.

"म्हातारी होते ती सगळीकडून होते. एकटा तिसरा अडत नाही. कुणाचा तरी हात लागलाय."

"माझ्याकडे काय बघता?" सासूबाई म्हणाल्या. "मला साधी सायकल येत नाही."

मग नजर माझ्याकडे वळली. मी कपबशा उचलल्या आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी चाकाखाली खडूची रेघ दिसली, किल्लीला पांढरा दोरा बांधलेला दिसला. मी त्या खिळ्याकडे बघणंसुद्धा सोडलं. तरी रोज सकाळी अण्णा येऊन तेच म्हणायचे, "अडतोय." मी त्यांच्या जिवापाड जपलेल्या गाडीची वाट लावली, याबद्दल मला शंकाच उरली नव्हती. जेवण गोड लागेना. सांगायचा धीरही होईना.

त्याच सुमारास अण्णांचं शिंप्याशी वाजलं. नव्या शर्टांची काजं त्याने मुद्दाम अरुंद शिवली म्हणे, बटणंच लागत नाहीत.

आणि मग बाजारातल्या गाड्यांचाही तिसरा अडायला लागला. आधी एक हॅचबॅक. मग जीप. मग एक व्हॅन. "लिही, सूनबाई. तिसरा अडतो. हा कुठल्यातरी एकाच गॅरेजचा उद्योग आहे, सगळ्यांना तेच जाड तेल भरतायत." पंधरा दिवसांत पाच फॉर्म झाले. पाच वेगळ्या गाड्या, आणि पाचही फॉर्मवर माझ्याच अक्षरात तीच एक ओळ. त्यातल्या एका मालकाने चिडून गिअरबॉक्स उघडून घेतला, तर आत सगळं स्वच्छ निघालं. संशयात्म्याला आता भास व्हायला लागलेत, अशी कुजबुज बाजारात सुरू झाली. अण्णांकडे ना दुकान होतं ना पाटी. होता तो शब्द. तो गेला तर अण्णा म्हणजे नुसते एक खवट म्हातारे, हे मला दिसत होतं.

सहावी गाडी एका नर्सबाईंची. सेडान, नीट ठेवलेली. बॉनेट थंडगार. घेणारे मास्तर शेजारी उभे. अण्णा फेरी मारून आले आणि म्हणाले, "तिसरा अडतो."

"अहो, काल संध्याकाळीच तर चालवली मी," नर्सबाई म्हणाल्या. "काही अडलं नाही."

"सगळे असंच म्हणतात. सूनबाई, लिही."

नर्सबाईंची सोमवारी दुसऱ्या गावी बदली होती. त्यांचे डोळे भरून आले. माझं पेन कागदावर टेकलं, पण पुढे सरकेना.

"मी चालवून बघते," मी म्हणाले.

"तू? तुला काय कळतंय त्यातलं?"

"अण्णा, तुमची गाडी मीच चालवत होते. तीन महिने."

आता आकाश कोसळणार, असं मला वाटलं. पण अण्णांचा चेहरा असा खुलला की विचारू नका. "बघा!" ते मास्तरांना म्हणाले. "मी म्हणत नव्हतो? घरातलाच हात!"

"पण तीन आठवडे मी तिला शिवलेले नाही," मी म्हणाले. "तरी तिसरा अडतोच आहे ना? आणि या बाईंची गाडी तर मी आज पहिल्यांदा बघतेय."

मी स्टिअरिंगमागे जाऊन बसले. अण्णा बाजूच्या सीटवर येऊन बसले, बहुतेक माझ्यावर नजर ठेवायला.

पहिला टाकला, दुसरा टाकला. तेवढ्यात त्यांनी आपला उजवा हात दांड्यावरच्या माझ्या हातावर ठेवला. "टाक आता."

दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना हात मध्ये क्षणभर सैल सोडावा लागतो. दांडा आपणहून मधोमध येतो, मग पुढे सारायचा. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, त्यांच्या गाडीनेच शिकवलं होतं. मी हात सैल सोडला. टक्.

"परत," अण्णा म्हणाले.

टक्.

"परत."

रस्ता संपेपर्यंत सात वेळा झालं. मग त्यांनी हात काढून घेतला आणि मांडीवरच्या डाव्या हाताची, म्हणजे गिअर टाकायच्या हाताची, मूठ उघडायला लागले. तीन बोटं उघडली. दोन मागे राहिली, आणि हळूहळू, नाइलाजाने आल्यासारखी उघडली. आख्ख्या जगावर संशय घेतला त्यांनी, त्या हातावर कधी घेतला नव्हता. मी गाडी कडेला घेतली. मला रडू आवरेना.

"काजं," मी कशीबशी म्हणाले.

"शिंप्याला काही बोलू नकोस," अण्णा म्हणाले.

मग त्यांनी माझ्या मांडीवरचा फॉर्म ओढून घेतला. "कसा पडतो तिसरा?"

त्यांनी असं कुणाला विचारलेलं मी तरी कधी ऐकलं नव्हतं. "चांगला पडतो."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी वाकड्यातिकड्या अक्षरात 'चांगला' असं लिहिलं आणि खाली सही केली.

डॉक्टरांनी सांगितलं, मानेपाशी नस दबलीय, हात पूर्ववत होईलही, कदाचित होणारही नाही. दाबायला एक रबरी चेंडू दिला. चेंडूच्या दुकानात डॉक्टरची भागीदारी असणार, असं अण्णांचं मत पडलं. पण चेंडू दाबत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओटा पुसत होते, तर त्यांनी किल्ली समोर ठेवली. दोरा काढून टाकला होता. "चल. दहा मिनिटं."

मी पांढऱ्या गाडीत बसले, सीट पुढे घ्यायला सवयीने खाली हात घातला, आणि पाय आपसूक क्लचवर पोचला. सीट आधीच पुढे होती. मोजून तीन खटके. ते तीन खटके मी जन्मात कुणाला सांगितले नव्हते.

"तुम्हाला कधी कळलं?" मी विचारलं.

"पहिल्याच आठवड्यात."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"गिअर नीट होता," अण्णा चेंडू दाबत म्हणाले. "म्हटलं, हात बरा आहे पोरीचा, लागू दे. बॉनेट बघितलंस का आधी?"

मी खाली उतरले आणि बॉनेटवर तळहात ठेवला.