एक टिक आणि डोमकळी

कापूस घरात एकदम भरत नाही. आज एक गाठोडं येतं, उद्या दोन. एक दिवस उठून बघावं तर निजायला जागा नसते, आणि अंग खाजतं ते वेगळंच. आमच्या ओट्यावरच्या किश्शांचं असंच झालं आहे. थोडे बाहेर काढून ठेवतो, म्हणजे मला पाय पसरता येतील.

आमचं गाव धामणगाव बढ्याच्या बाजूला. एस.टी.च्या थांब्यासमोर एक ओटा आहे, तिथे आम्ही पाचसहा म्हातारे बसतो. मी रामभाऊ, चौथीपर्यंत शिकलेलो. युसूफभाई माझा पन्नास वर्षांचा सोबती. त्याचं गाद्या-रजया भरायचं दुकान आहे, आणि त्याचं वावर माझ्या वावराला लागून आहे. मध्ये एक बांध. तिसरा भाऊराव. त्याचा नातू पुण्यात शिकतो, हे तो नवीन माणसाला नावाच्या आधी सांगतो.

मोबाईल आले तसा माझ्या नातीनं, पल्लवीनं, आमचा ग्रुप करून दिला. नाव ठेवलं ‘ओटा’. ती कॉलेजात जाते. तिलाही ग्रुपमध्ये ठेवलं, कारण काही बिघडलं तर दुरुस्त कोण करणार?

आठ दिवसांत ती म्हणाली, “आबा, तुम्ही लोक लय क्रिंज मेसेज टाकता.”

“म्हणजे काय वं?”

“म्हणजे करते एक जण, अन् लाज पाहणाऱ्याले वाटते.”

युसूफभाईनं हे ऐकून घेतलं. नवी सुई मिळाल्यासारखा तो शब्द त्यानं कानामागे खोवून ठेवला.

*

त्या उन्हाळ्यात बियाण्याचा एक एजंट ओट्यावर आला. तरणा पोरगा, डोक्यावर पिवळी टोपी, हातात भोंगा. बीटी कपाशीचं बियाणं पहिल्यांदा आलं तेव्हाही असेच लोक आले होते. अळीचं नाव विसरून जा, म्हणाले होते. आम्ही विसरलो, अळीनं आमचं गाव लक्षात ठेवलं. शेंदरी अळी बोंडाच्या आत बसते, बाहेरून काहीच दिसत नाही. वेचायला हात घातला की कळतं.

पोरगा भोंग्यातून गाणं म्हणू लागला. गाण्यात बियाण्याची थैलीच बोलत होती, ‘मला घरी न्या’ म्हणून. मग तो थोडा नाचलाही.

युसूफभाईनं ते सगळं पाहिलं. गाणं संपल्यावर पल्लवी कॉलेजच्या बसमधून उतरत होती, तिला त्यानं हाक मारली.

“बेटा, हे जे आता झालं, ते क्रिंज म्हणायचं का?”

“हाव चाचा. फुल क्रिंज.”

एजंटानं टोपी काढून पिशवीत ठेवली. आम्ही चहा पाजला तेव्हा हळूच म्हणाला, “काका, मलेही वाटते तसंच. पण नाचलो नाई तर साहेब रागावते.”

*

भाऊरावचा नातू दिवाळीला आला, आणि त्यानं आजोबाच्या वावरात एका फुलाचा फोटो काढला. कपाशीचं फूल, न उघडलेलं, पाकळ्या एकमेकींत गुंतून गुलाबासारख्या झालेल्या. भाऊरावनं चष्मा न लावताच तो ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘सुप्रभात. माझ्या मातीतलं सौंदर्य.’

नातवानं लिहिलं, ‘फायर’. त्याच्या मित्रांनाही फोटो गेला असावा, कारण भाऊराव दिवसभर सांगत होता, पुण्याहून चाळीस लाल बदाम आले. मीही एक बदाम टाकला. माझाही चष्मा घरात होता.

संध्याकाळी युसूफभाईचा मेसेज आला. ‘डोमकळी आहे. आत अळी आहे. फवारा आधी, बदाम मागून.’

डोमकळी म्हणजे तेच. अळी फुलात शिरते आणि आतून पाकळ्या बांधून टाकते. फूल उघडतच नाही. कपाशी करणाऱ्या आम्हा चार म्हाताऱ्यांनी अळीला बदाम टाकले होते.

*

त्याच हंगामात आमचं बिनसलं, आणि चूक माझी होती.

पहिल्याच वेचणीला माझी अर्धी बोंडं किडकी निघाली. पल्लवीचं कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं, फी भरायची होती. मी ठरवलं, पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची उभी झाडं, उपटायची नाही, विहिरीचं पाणी देऊन एक वेचणी अजून घ्यायची. याला आमच्याकडे फरदड म्हणतात. फरदड ठेवली की अळीला उन्हाळ्यापर्यंत खायला मिळतं, आणि पुढच्या साली ती बांध ओलांडून शेजाऱ्याकडे जाते. शेजारी युसूफभाई होता.

त्यानं मला दोनदा ओट्यावर सांगितलं. तिसऱ्यांदा ग्रुपवर लिहिलं, ‘रामभाऊची फरदड म्हणजे अळीची सासुरवाडी. जावई जाता जात नाई.’ लोक हसले. मला लागलं.

मी बोलायला हळू. मला उत्तर सुचेपर्यंत समोरचा घरी जाऊन जेवलेला असतो. म्हणून मी बोलून मेसेज पाठवला. चार मिनिटांचा झाला. त्यात शब्द इतकेच होते : “वावर माझं आहे. मर्जी माझी आहे. तुले काय करायचं?” बाकी माझं थांबणं होतं, आणि मध्ये एकदा बैल हंबरला.

पल्लवी म्हणाली, “आबा, लोक आता दुप्पट स्पीडनं ऐकतात.”

तिनं तसं लावून दाखवलं. पहिल्यांदाच मी इतर माणसांसारखा बोलत होतो. पण ऐकायलाही वाईट वाटलं. इतक्या लवकर कोणी कोणाला ‘तुले काय करायचं’ म्हणू नये.

*

दुसऱ्या दिवशी मी युसूफभाईला रोजच्यासारखा सकाळचा फुलांचा फोटो पाठवला. एकच टिक आली. तिसऱ्या दिवशीही एकच. त्याचा फोटोही गेला, तिथे राखाडी मुंडकं तेवढं राहिलं. ‘ओटा’ ग्रुप त्यानं सोडला. ओट्यावर येणंही सोडलं.

“आबा,” पल्लवी म्हणाली, “चाचानं तुम्हाले ब्लॉक केलं.”

आमच्या वेळी अबोला धरला तरी माणूस समोर दिसायचा. रस्त्यात भेटला की तोंड फिरवायचा. तोंड फिरवायला का होईना, जवळ यायचा. हे राखाडी मुंडकं तोंडही फिरवत नव्हतं.

मी रोज फोटो पाठवत राहिलो. पल्लवी म्हणायची, “पोचत नाई ते.” मी म्हणायचो, “पाठवतो तर मी.”

*

भाऊराव म्हणाला, मी मिटवतो. मिटवायचा त्याचा उपाय म्हणजे स्टेटस. नातवानं त्याला शिकवलं होतं की नाव न घेता टाकायचं, ज्याचं त्याला कळतं.

भाऊरावनं टाकलं : ‘काही लोक फुलासारखे दिसतात, पण आत अळी असते.’

हे त्यानं माझ्यासाठी टाकलं होतं की युसूफभाईसाठी, ते आजवर त्यानं सांगितलं नाही. पण दुपारपर्यंत तिघं जण त्याच्या दारात आले. पहिला म्हणाला, “हे माझ्यावर आहे का?” दुसरा म्हणाला, “माझ्यावर आहे, मले मालूम आहे.” तिसरे त्याचे व्याही होते. ते डोणगावहून मोटारसायकलवर आले. पाणीही न घेता स्टेटस पुढे धरून उभे राहिले.

भाऊरावनं रात्रीपर्यंत सगळ्यांना सांगितलं की ते फक्त कपाशीबद्दल होतं. युसूफभाईनं त्यालाही ब्लॉक केलं.

“आता?” मी विचारलं.

“आता आपण दोघंही सारखे,” भाऊराव म्हणाला. तो आमच्यात मिटवायला निघाला होता.

*

एका सकाळी मी पऱ्हाटी उपटायचा चिमटा घेऊन वावरात गेलो. कोणी सांगितलं नाही. झाडाला हिरवी बोंडं होती, तरी उपटली. पाच दिवस लागले. शेवटच्या दिवशी मोकळ्या वावराचा पल्लवीनं फोटो काढला.

“पाठवता कुठं?” ती म्हणाली. “पोचत नाई.”

मी मोबाईल घेऊन गावात चालत गेलो. युसूफभाई दुकानात कापूस पिंजत होता. मी दारात उभा राहिलो आणि मोबाईल त्याच्या तोंडासमोर धरला.

त्यानं हात पुसले. चष्मा लावला. दोन बोटांनी फोटो मोठा केला, डावीकडे सरकवला, उजवीकडे सरकवला. मग म्हणाला, “बांधाजवळ चार झाडं राह्यली.”

आणि पुन्हा पिंजायला लागला.

घरी पल्लवीनं विचारलं, “काय म्हणाले चाचा?”

मी सांगितलं.

“म्हणजे सीन करून सोडलं तुम्हाले. पाहलं, पण उत्तर नाई.”

मी चिमटा घेतला आणि ती चार झाडं उपटून आलो.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता फाटक वाजलं. युसूफभाई उभा होता.

“गुड मॉर्निंग,” तो म्हणाला, आणि निघून गेला.

तिसऱ्या दिवशी पुन्हा आला. मी त्याला म्हटलं, “अबे, इतकं चालत कायले येतं? मले अनब्लॉक कर ना.”

“येत नाई मले. दुकानातल्या पोट्ट्यानं ब्लॉक करणं शिकवलं, काढणं नाई शिकवलं.”

“पल्लवी करून देईन दोन मिनिटांत.”

“मोबाईल घरी राह्यला,” तो म्हणाला. त्याच्या खिशात मोबाईलचा चौकोन दिसत होता.

तेव्हापासून रोज सात वाजता. पाऊस असला तर छत्री घेऊन. कधी उभ्या उभ्या चहा घेतो, कधी घेत नाही.

महिनाभरानं भाऊरावनं ओट्यावर मला मोबाईल दाखवला. युसूफभाईचा गुलाबाचा फोटो, खाली ‘सुप्रभात’. वर पाहिलं तर रोजचेच होते, तीन आठवड्यांपासूनचे.

“तुले केलं त्यानं अनब्लॉक?” मी विचारलं.

“हाव. स्वतःच केलं, माझ्यासमोर. तुले नाई केलं?”

“नाई.”

“काऊन?”

मी म्हटलं, विचारीन. विचारलं नाही. मी बोलायला हळू आहे.

*

यंदा कपाशी फुलावर आली. एका सकाळी फाटक वाजलं. युसूफभाईनं खिशातून रुमाल काढला, उलगडला आणि माझ्या तळहातावर एक फूल ठेवलं. न उघडलेलं, पाकळ्या घट्ट मिटून गुलाबासारख्या झालेल्या.

मी विचारलं, “कोणाच्या वावरातली डोमकळी?”

“तुझ्या.”

“पाहली तू आत?”

“बदाम नको टाकू,” तो म्हणाला. “चष्मा लाव अन् उघडून पाह्य. गुड मॉर्निंग.”

तो निघाला. मी चष्मा आणला. ओसरीवर बसून एक एक पाकळी सोडवू लागलो. हाताला दोरा लागला. पांढरा, जाड, रजईला घालतात तो. दोन वेढे, वर बारीक गाठ.

दोरा सोडला तसं फूल उघडलं. आत अळी नव्हती.