मांडीवरचा पट्टा

फिजिओथेरपीवाल्या मुलीने पट्टा बांधायला हात पुढे केला आणि आईने पाय झटकन मागे घेतला. ऑपरेशन झाल्यापासून तो पाय इतक्या चपळाईने हललेला मी पहिल्यांदाच पाहिला.

"बांधायचं नाय," आई म्हणाली. "बाकी काय करायचं ते कर पोरी. बांधायचं नाय."

मी चिडलेच. शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा घेऊन, सातपूरच्या कारखान्यांची शिफ्ट सुटल्याच्या गर्दीतून रिक्षा काढत तिला इथवर आणलं होतं. वर जिना. तो चढताना तिचा सगळा भार माझ्या खांद्यावर. आणि आता हे. उचलली जीभ लावली टाळ्याला हा माझा स्वभाव. "आई, इथे नखरे नकोत," असं मी बोलूनही गेले. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

पावसाळा सरता सरता मखमलाबादच्या मळ्यात, झेंडूच्या सरीत ती घसरून पडली होती. गुडघ्याखालचं हाड मोडलं. प्लेट बसली, हाड जुळलं, पण मांडी वाळून गेली. खुर्चीतून उठायचं तर मी दोन्ही हात धरून तिला ओढायचं. जन्मभर वाकून फुलं तोडलेल्या बाईला ते फार लागायचं; उठावं लागू नये म्हणून ती पाणी कमी पिऊ लागली होती. मांडीत ताकद आली नाही तर हे असंच राहणार, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. ताकद यायला वजन उचलायला हवं आणि वजन तर त्या हाडाला झेपणार नाही. त्यावर उपाय म्हणजे हा पट्टा. बीपी मोजायला दंडाला गुंडाळतात तसाच, जरा रुंद. तो मांडीच्या वरच्या टोकाला बांधून हवा भरायची, रक्ताचा ओघ थोडा अडवायचा आणि तेवढ्या वेळात हलका व्यायाम करायचा. मग थोड्या कष्टातही मांडी भरू लागते म्हणे. पायाच्या शिरा तपासून डॉक्टरांनी परवानगी दिली होती.

"आजी, रक्त पूर्ण थांबत नाही," मुलगी म्हणाली. "थोडं आवळल्यासारखं वाटेल. नको झालं तर सांगा."

"सांगितलं तर काय करशील?"

"लगेच सोडेन."

आईने पाय पुढे केला. पट्टा बसला, रबरी फुग्याने हवा भरली गेली. आईने पाय चार-पाच वेळा उचलला असेल नसेल, तिचा चेहरा उतरला.

"सोड."

मुलीने फुग्याजवळचा स्क्रू फिरवला. हवा निघून गेली, पट्टा सैल पडला. आणि आई पदरात तोंड खुपसून रडायला लागली.

"लय दुखलं का?" मी विचारलं. घाबरले की मीही तिच्यासारखीच बोलते.

तिने नाही म्हणून मान हलवली. "म्हटल्याबरोबर सोडला गं तिने."

मी चौथीत असताना बाबांना पहाटे फुलं तोडताना घोणस चावली होती. जीव वाचला, पण पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला. सापाने पाय नेला, असंच आमच्या घरात म्हणायचे आणि मीही आजवर तेच म्हणत आले. आईने त्या खोलीत, तासाभराच्या ओळखीच्या मुलीला, मला कधी न सांगितलेलं सांगितलं. विष वर चढू नये म्हणून वरच्या बाजूला आवळून बांधायचं, हे आमच्याकडे तेव्हा शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तिने फुलांच्या गोणीची सुतळी घेतली आणि बांधली.

"पीळ देऊन बांधली. दवाखान्यात नेताना टेम्पोत ते सारखं म्हणत होते, सैल कर गं, सैल कर. मी नाय केलं. म्हटलं, सैल केलं तर माणूस जाईल. माझ्या डोळ्यादेखत पाय काळा पडला. तिथले डॉक्टर म्हणाले, इतकं आवळून बांधलं कोणी?"

"बाबा काही बोलले तुला?"

"कधीच नाय. जाईपर्यंत एक शब्द नाय."

बाबा पुढे पुष्कळ वर्षं जगले. बांधावर बसून फुलं निवडायचे, गिऱ्हाइकाची थट्टा करायचे. त्यांच्या उरलेल्या मांडीला रोज तेल लावायचं काम आई करायची, दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायची नाही. मी त्याला माया समजायचे. माया होतीच. पण त्या मायेखाली एवढं ओझं दबलेलं होतं आणि मला त्याचा पत्ता नव्हता, याचं मला फार वाईट वाटलं.

मुलगी उपदेशात शिरली नाही. "साप चावला तर आता बांधत नाहीत आजी. पण तेव्हा सगळेच बांधायचे," एवढंच म्हणाली. मग तिने तो रबरी फुगा स्क्रूसकट आईच्या मुठीत दिला. "हवा मी भरून देईन. सोडायचं तुमच्या हातात."

त्यानंतर आई कुरकुर न करता येऊ लागली. सुरुवातीला ती दर वेळी अर्ध्यातच स्क्रू फिरवायची. मुलगी काही न बोलता थोडं थांबून पुन्हा हवा भरायची. मीही गप्प बसायला शिकले. पट्टा सुटला की आई पावलाकडे टक लावून बसायची. बोटांना नेहमीचा रंग आला की मगच चप्पल मागायची. हळूहळू मांडी हाताला भरीव लागू लागली.

थंडीत एकदा तिने सगळा व्यायाम एकदाही न सोडता पुरा केला. "झालं आजी. सोडा आता," मुलगी म्हणाली. आईने सोडलं नाही. ओठ मिटलेले, कपाळावर घाम, मूठ घट्ट.

"आजी, सोडा."

"थांब जरा. त्यांना किती दुखलं असंल, बघू दे."

मुलगी पुढे सरकली. तिच्या आधी मी खाली बसले आणि आईच्या मुठीवर हात ठेवला.

"आई, बाबा सैल कर म्हणत होते ना?" मी म्हटलं. "कर."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि स्क्रू फिरवला. पावलाला रंग येईपर्यंत आम्ही तिघी बघत राहिलो. मग मी हात पुढे केला, पण तो न धरताच ती खुर्चीतून उठली.