गोदूबाई आणि साहेबाचे दात

गोदूबाई आमच्याकडे कामाला लागल्या त्याच वर्षी मोहन्याची रेयॉनची कंपनी बंद पडली. त्यांचे यजमान पोपटराव कंपनीत सूत काढायच्या खात्यात होते. काम गेल्यावर ते भिंतीकडे तोंड करून झोपून राहायला लागले, आणि तोवर कधी दुसऱ्याच्या घरात पदर खोचून न शिरलेल्या गोदूबाई एका सकाळी शहाडला आमच्या दारात उभ्या राहिल्या. शिवानी तेव्हा सहा महिन्यांची होती आणि माझी रजा संपत आली होती. मी त्यांना किती प्रश्न विचारले असतील ते देवाला माहीत. दूध किती गरम करणार, बाळ पडलं तर काय करणार, नखं कापलेली आहेत का. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ताई, लेकरू रडलं की घ्यायचं, भुकेजलं की भरवायचं. आनखी काय असतंय?"

शिवानी आता अकरावीत आहे. तिला पहिलं पाऊल टाकताना मी पाहिलं नाही, गोदूबाईंनी पाहिलं. बँकेतून परत आल्यावर मला ती बातमी दारातच मिळाली.

पोपटराव तिसऱ्या वर्षी गेले. मुलगा साईनाथ सुरतेला असतो, त्याचा फोन दिवाळीला यायचा. मग एक दिवस गोदूबाईंनी कंपनीच्या बंद गेटवरून कुत्र्याचं पिल्लू उचलून आणलं. तिथे वॉचमनची मोडकी खुर्ची पडलेली होती, तिच्यावर ते बसलेलं असायचं आणि कुणी दगड मारला तरी उठायचं नाही. म्हणून त्याचं नाव साहेब. त्यांच्या शेजारची कांता रोज विचारायची, "साहेब उठले का? आज सही करणार का?" आणि गोदूबाई गंभीर तोंडाने सांगायच्या, "रजेवर हायेत."

चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत साहेबाची गोधडी कॉटच्या पायथ्याशी असायची. दर रविवारी गोदूबाई मटणवाल्याकडून हाडकं मागून आणायच्या आणि मऊ व्हावीत म्हणून कुकरला चार शिट्ट्या करून त्याला घालायच्या. पाटण तालुक्यातल्या त्यांच्या माहेरी कुत्र्याला शिळी भाकरीसुद्धा मोजून घालत. साहेब हाडूक फोडायला बसला की त्या समोर बसून ते बघत राहायच्या.

गेल्या पावसाळ्यानंतर साहेब एका बाजूने चावायला लागला. मग भाकरीच्या तुकड्यावर रक्त दिसलं. तोंडाला इतका वास यायचा की कांताने त्यांच्याकडे चहाला बसणं बंद केलं. मी कल्याणला एका प्राण्यांच्या दवाखान्यात वेळ घेतली. डॉक्टर सलिल म्हणून होते, तरुण, हळू बोलणारे. त्यांनी साहेबाचा ओठ वर उचलला. मला बघवलं नाही. दाढांवर पिवळट तपकिरी थर दगडासारखा चढलेला होता, हिरड्या सुजून लाल झालेल्या, आणि वरची एक मोठी दाढ उभी चिरलेली.

"आजी, याला हाडं देता का?"

"देते की. पन शिजवून देते. मऊ करून."

"शिजवलेलं हाड मऊ होत नाही, ठिसूळ होतं. त्याच्या अणकुच्या होतात. दाढ फुटते, कधी आतडं फाटतं. याचं नशीब म्हणायचं."

गोदूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. अकरा वर्षांचे रविवार त्यांच्या चेहऱ्यावरून जाताना मला दिसले.

डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि बराच वेळ ऐकत राहिले. साहेबाचं हृदय अशक्त झालं होतं. दात साफ करायचे तर भूल द्यावी लागते, आणि या वयात, या हृदयाला ती झेपेल असं ते म्हणेनात. "आहे ते जपू या," ते म्हणाले. "रोज घासायचे. बोटाला फडकं गुंडाळून, बाहेरच्या बाजूने, हिरडीपाशी. रोज घासलं तर पुढचं इन्फेक्शन टाळता येईल. हिरडीतून ते रक्तात जातं आणि रक्तातून हृदयात." त्यांनी कुत्र्यांची पेस्ट दिली, कोंबडीच्या वासाची. त्या नळीकडे बघून गोदूबाई म्हणाल्या, "साहेबाची चैन हाय."

"आन चावायला काय देऊ?" गोदूबाईंनी पुढे विचारलं. "दात हायेत तंवर चावंल की तो."

"अंगठ्याचं नख दाबून बघायचं," डॉक्टर म्हणाले. "नख रुतलं तर द्यायचं. नाही रुतलं तर दाढेला ते जडच आहे. आणि त्याच्या तोंडात अख्खं मावेल इतकं लहान काही नको."

दवाखान्याजवळच एक दुकान होतं. तिथे गोदूबाईंनी जे केलं ते आठवून त्या दिवशी मी हसले होते. त्यांनी काउंटरवरची एकेक वस्तू उचलून अंगठ्याचं नख लावायला सुरुवात केली. म्हशीचं शिंग. वाळवलेलं खूर. दुधापासून केलेली दगडासारखी कांडी. "न्हाई. न्हाई. ह्येनं तर माझंच नख जाईल."

"मावशी, सगळे हेच नेतात," दुकानदार म्हणाला. "एकदम नॅचरल आहे."

"शेनबी नॅचरलच असतंय की."

कातड्याची गाठ मारलेली कांडी होती, तिच्यात नख रुतलं. पण दुकानात दुसरी एक बाई उभी होती, ती म्हणाली की ही ओली झाली की फुगते, तिच्या कुत्र्याच्या घशात अडकली होती. गोदूबाईंनी ती कांडी अशी खाली ठेवली जशी काही ती हातातच फुगणार होती. शेवटी एक पोकळ रबरी खेळणं घेतलं. दाबलं की दबत होतं, तोंडात मावणार नव्हतं. गोदूबाई त्यात उकडलेला लाल भोपळा आणि भाकरीचा कुस्करा भरायच्या आणि साहेब तासभर चाटत बसायचा. कांता म्हणाली, "साहेबांना टिफिन आला."

वीसेक दिवस सगळं नीट चाललं. तोंडाचा वास कमी झाला, रक्त थांबलं. गोदूबाई रोज संध्याकाळी मला सांगायच्या, आज डावी बाजू नीट घासू दिली, आज बोट धरून ठेवलं पण चावला नाही. मग पेस्ट संपली. त्यांनी मला सांगितलं, "ताई, ती नळी सपली." मी तेव्हा शिवानीच्या फिजिक्सच्या मार्कांमध्ये बुडालेली होते. क्लासवाल्यांनी पालकांना बोलावलं होतं आणि मी चार रात्री झोपले नव्हते. मी म्हणाले, "आणीन रविवारी. तोवर नुसत्या बोटाने घासा. डॉक्टर म्हणालेत ना, घासणं महत्त्वाचं, पेस्ट नसली तरी चालेल." हे डॉक्टर खरंच म्हणाले होते. रविवारी मी गेले नाही. पुढच्याही नाही.

आता मला एवढंच कळतं की गोदूबाईंच्या आयुष्यात कुणी नुसत्या बोटाने दात घासलेले नव्हते. बोटाला काहीतरी लावायचं असतं. त्यांच्या गावात नवी नवरी आली की सासू तिला मिश्रीची डबी द्यायची. तंबाखू तव्यावर काळा होईपर्यंत भाजायचा, बोटाने चुरायचा, आणि सकाळ संध्याकाळ हिरड्यांवर घासत ओट्यावर बसायचं. गोदूबाईंची डबी कमरेला असायची. हिरडी आवळून येते, दुखायची थांबते, असं त्या म्हणायच्या, आणि त्यांच्यापुरतं ते खोटंही नव्हतं. आमच्या घरात मिश्री भाजायला मी बंदी केली होती, कारण त्या वासाने माझं डोकं उठायचं. घासायला बंदी केली नव्हती. त्या बाल्कनीत बसून घासायच्या आणि मी न पाहिल्यासारखं करायचे.

त्या बुधवारी सकाळी साडेसातला कांताचा फोन आला. "ताई, लवकर या. साहेबाला कायतरी झालंय."

मी पोहोचले तेव्हा साहेब गोधडीवर आडवा होता. तोंडातून लाळेची तार लागलेली, पाय थरथरत होते, पोटातलं सगळं बाहेर आलं होतं. गोदूबाईंनी त्याचं डोकं मांडीवर घेतलेलं होतं आणि पदराने लाळ पुसत होत्या. पदर काळा झाला होता. आम्ही त्याला गोधडीसकट उचलून रिक्षात घातलं. वाटेत त्याची छाती माझ्या हाताखाली इतक्या वेगाने उडत होती की ठोके वेगळे लागत नव्हते.

डॉक्टर सलिल दवाखान्याचं शटर वर करत होते. टेबलावर ठेवल्याठेवल्या त्यांनी विचारलं, "काय खाल्लंय यानं?"

"काय न्हाई," गोदूबाई म्हणाल्या. "दात घासले फक्त."

"कशाने?"

त्यांनी कमरेची डबी काढून पुढे केली. लपवायचं असतं हे त्यांच्या मनातच आलं नव्हतं. "आठ दिस झालं लावतेय. थोडी थोडी. आज हिरडीतनं रगत आलं, म्हनून जरा जास्त लावली. कालच भाजलीय, ताजी हाय."

डॉक्टरांनी डबी उघडून वास घेतला आणि टेबलाच्या कडेला ठेवली. मग ते भराभरा कामाला लागले. सुई, सलाईन, ऑक्सिजनची नळी. मला इंग्रजीत म्हणाले की तंबाखू पोटात गेलाय, हिरडीतून रक्तातही गेलाय, निरोगी कुत्रा कदाचित तगला असता, याच्या हृदयाचं मी सांगू शकत नाही.

गोदूबाईंनी माझी बाही ओढली. "काय म्हनला?"

"त्याचं हृदय आधीच अशक्त होतं ना. त्यामुळे..."

"त्ये मला म्हाईत हाय. मिश्रीनं झालं का ते सांग."

त्या सोळा वर्षांत मला कधी अगंतुगं बोलल्या नव्हत्या. मी डॉक्टरांकडे पाहिलं. ते मराठीत म्हणाले, "हो आजी. मिश्रीनं."

"मी तर पन्नास वर्सं लावते."

"तुम्हाला सवय आहे. त्याला नव्हती. आणि तुम्ही थुंकता. तो गिळतो."

गोदूबाई साहेबाचा पुढचा पाय धरून उभ्या राहिल्या. अकराच्या सुमारास एकदा त्याने डोळे उघडले, आणि त्या म्हणाल्या, "उठा की. हापिसला जायचं नव्हं?" पाऊण वाजता त्याची छाती थांबली. डॉक्टरांनी बराच वेळ दाबून पाहिलं.

कंपनीच्या कुंपणामागे मोकळी जागा आहे, तिथे त्याला पुरलं. खड्डा कांताच्या नवऱ्याने खणला.

पुढचे आठ दिवस गोदूबाई आल्या नाहीत. फोन बंद. मी रोज ठरवत होते जायचं आणि रोज काहीतरी निघत होतं. खरं म्हणजे मला भीती वाटत होती. पेस्ट नसली तरी चालेल, हे वाक्य त्या माझ्यापुढे ठेवतील आणि मला ते उचलावं लागेल, अशी. नवव्या दिवशी गेले.

खोली झाडलेली होती. गोधडी धुऊन दोरीवर टाकलेली. गोदूबाई जमिनीवर बसल्या होत्या, आणि त्यांचा चेहरा सुजल्यासारखा दिसत होता. त्यांनी मिश्री सोडली होती. डोकं फुटतंय, म्हणाल्या, हात थरथरतायत, पण सोडली.

मी आधीच बोलून टाकलं. "गोदूबाई, चूक माझी आहे. मी पेस्ट आणायला हवी होती. मी तुम्हाला नीट सांगितलं नाही."

त्यांनी हात हलवला, माशी उडवावी तसा. "त्ये ऱ्हाऊ दे. मला दुसरंच सांगायचंय. आठ दिस झालं झोपले न्हाई मी."

मी त्यांच्यासमोर खाली बसले.

"शिवानीला दात येत होते. आठवतंय का? लई रडायची. तू बँकेत. हिरड्या टरारून फुगलेल्या. मी लावायची. चिमटीत मावंल यवढी. गप व्हायची, झोपायची." त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. "आमच्याकडं समदी लावत्यात. माझ्या साईनाथला लावली, माझ्या आईनं मला लावली. मला काय म्हाईत. त्या दिशी डाक्टर बोलला, तो गिळतो म्हनून. तवा माझ्या ध्येनात आलं. ती पन गिळायची."

बाहेर कांता नळावर कुणाशी तरी भांडत होती. बादलीचा आवाज येत होता.

"किती दिवस?" मी विचारलं.

"दात आलं तंवर."

"रोज?"

"रडली की."

मला आठवलं, मी संध्याकाळी परत यायचे तेव्हा शिवानी इतकी शांत झोपलेली असायची की मी शेजारणींना सांगायचे, माझ्या बाईच्या हाताला गुण आहे. एकदा उलट्या झाल्या होत्या, दोन दिवस. डॉक्टर दूध बदला म्हणाले, आणि मी बदललं होतं.

गोदूबाई म्हणाल्या, "तुला सांगितल्याबिगर यायचं न्हवतं मला. आता तू ठरव."

मी काय बोलले ते मला नीट आठवत नाही. काहीतरी म्हणाले, झालं ते झालं, असलं काहीतरी, आणि उठले. घरी शिवानी पुस्तक घेऊन बसली होती. मी तिला तोंड उघडायला लावलं आणि मोबाइलचा उजेड टाकून हिरड्या बघितल्या. "आई, काय चाललंय तुझं?" ती म्हणाली. हिरड्या गुलाबी आहेत. दात चांगले आहेत. मी तिला कारण सांगितलं नाही, आजतागायत नाही. तिच्या लहानपणाच्या फाइली मात्र काढून ठेवल्यात, आणि ती झोपली की मी त्या उलटून बघते. वजनं, तारखा, उलट्यांचे ते दोन दिवस.

सोमवारी गोदूबाई आल्या. दारातच उभ्या राहिल्या. कमरेला डबी नव्हती. त्यांच्याकडे आमच्या घराची किल्ली आहे, तरी त्यांनी बेल वाजवली होती.

"येऊ का?" त्यांनी विचारलं.

मी "या" म्हणाले, पण लगेच म्हणाले नाही. त्या आत आल्या, पदर खोचला आणि भांडी घासली. शिवानीने आतून हाक मारली, "गोदूआजी, केस विंचरून दे ना." त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मग ओले हात पुसत म्हणाल्या, "आज तुझी आई विंचरंल."

दोन महिन्यांनी त्या पाटणला भावाकडे गेल्या. मी त्यांना थांबा म्हणाले नाही.